टपालताईचा चीनचा बेत

ताईला कुणी गरीब गाय समजत असेल तर त्याने तो गैरसमज आधीच काढून टाकावा. बाई तोंडाने फटकळ होती. रस्त्याने निघाली की समोरचा माणूस आपणहून बाजूला व्हायचा. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाने चष्म्याच्या काचा सदऱ्याच्या टोकाने पुसल्या, तर त्याचं वय, हुद्दा काही न बघता ती त्याला झापायची. तरीही आयुष्याची चांगली वर्षं तिने दोन भावांच्या मधोमध एका स्टुलावर बसून काढली. का काढली, असं विचारणारे शहाणे पुष्कळ होते. त्यांच्यातला एक जरी त्या स्टुलावर सकाळभर बसला असता, तर त्याच्या शहाणपणाला काही अर्थ होता.

दुकान वडिलांचं, चष्म्याचं. पुढे काउंटर, आरसे, फ्रेमांच्या रांगा, तिथे धाकटा. मागच्या खोलीत पाणी, पांढरी धूळ आणि मशीनची घरघर. तिथे थोरला काचा घासायचा. मध्ये लाकडी पार्टिशन, त्यात एक दार आणि ट्रे सरकेल एवढी खिडकी, आणि खिडकीला लागून ताईचं स्टूल. पुढून फ्रेम आणि नंबराची चिठ्ठी ट्रेमध्ये यायची, ती ताई आत सरकवायची. आतून काचा बसवून चष्मा आला की त्याच्या दांड्या सरळ करायच्या, स्क्रू आवळायचे, नाकावरच्या पॅड दाबून बघायच्या आणि पुढे द्यायचा. एवढंच काम असतं तर ही गोष्ट सांगायला कुणी बसलं नसतं.

भावांमध्ये विस्तव जात नव्हता. कारण काय, तर एक चाक. वडील गेले त्या वर्षी थोरला तापाने अंथरुणाला खिळला होता. तेव्हा धाकट्याने मागची खोली आवरायला काढली आणि वडिलांचं पायाने फिरवायचं, काचा घासायचं जुनं चाक भंगारवाल्याला देऊन टाकलं. त्याला वाटलं, अडगळ गेली. थोरला बरा होऊन दुकानात आला, रिकाम्या कोपऱ्याकडे बघितलं आणि धाकट्याला एकच शब्द बोलला. तो शब्द इथे लिहिण्यासारखा नाही. धाकट्यानेही त्याच तोलाचं उत्तर दिलं. त्या दिवशी दोघांची तोंडं जी मिटली ती मिटलीच. दुकान मात्र एक, घर एक, जिना एक. वेगळं व्हायलाही कुणी तयार नाही, कारण वेगळं व्हायचं तरी समोरासमोर बसून बोलावं लागतं.

मग बोलायचं कुणी? ताईने. "आतल्याला सांग" आणि "बाहेरच्याला सांग" ही दोन वाक्यं दिवसभर तिच्या कानांवर इतकी आदळायची की गल्लीने तिचं नावच टपालताई ठेवलं. पण टपालवाला पत्र फोडत नाही, ताई फोडायची. आतल्याला सांग, झोपा काढून झाल्या असतील तर मास्तरांचा चष्मा दे, असं धाकटा म्हणाला की ताई खिडकीत तोंड घालून सांगायची, मास्तर आलेत रे, जरा लवकर होईल का. बाहेरच्याला सांग, तोंडाच्या वाफेने काच घासली जात नाही, असं थोरल्याने फेकलं की ताई वळून सांगायची, होतंच आलंय म्हणाला. शिवी तिच्या कानात शिरायची आणि विनंती होऊन तोंडातून बाहेर पडायची. आपण आहोत म्हणून हे घर सांधलेलं आहे, असं तिला वाटायचं. गल्लीलाही तसंच वाटायचं. अशा गोष्टी सगळ्यांनाच वाटायला लागल्या की त्या खऱ्या आहेत का हे कुणी बघत नाही.

दुकानावर जिना चढून घर. तिथे दोन भावजया, दोन चुली आणि मधल्या खोलीत ताई. थोरली भावजय तोंडाने गोड आणि मनाने मोजून मापून. धाकटी उलट, मनाने बरी पण जिभेला हाड नाही. दोघी तिला वन्सं म्हणायच्या आणि निरोपाशिवाय तिच्या खोलीत पाऊल टाकायच्या नाहीत. पाण्याची मोटर कधी लावणार हे त्यांना विचारा, जिन्यात चपला कुणाच्या पडल्यात हे यांना सांगा. लग्नाचं राहून गेलं होतं ताईचं. का राहिलं, हे विचारणाऱ्याला ती म्हणायची, "तुमचं झालंय ना, मग सुखी आहात का?" त्यावर कुणी पुन्हा विचारत नसे.

आणि मग समोरच्या रस्त्यावर एका बड्या कंपनीचं चष्म्याचं दुकान उघडलं. काचेचे दरवाजे, थंडगार हवा, सकाळी डोळे तपासा आणि चहा पिऊन होईपर्यंत चष्मा घेऊन घरी जा. यांच्याकडे दोन दिवस लागायचे. गिऱ्हाईक गळायला लागलं. जुनी माणसंसुद्धा समोरून नवा चष्मा करून घ्यायची आणि तो ढिला झाला की फुकट आवळून घ्यायला ताईकडे यायची. ताई आवळून द्यायची, पण आवळताना असे टोमणे मारायची की तो माणूस चष्मा घालून रस्ता ओलांडेपर्यंत लाल झालेला असायचा.

उपाय एकच होता. काच आपोआप कापून, कड घासून देणारं मशीन घ्यायचं. ते बनवणारी कंपनी चीनमध्ये, एका अफाट शहरात. त्या शहराचं नाव घरातला प्रत्येक माणूस वेगळं उच्चारायचा, म्हणून शेवटी सगळे नुसतं 'चीन' म्हणायला लागले. कंपनीचं म्हणणं असं की दोन माणसांनी चार दिवस या, मशीन चालवून बघा, राहायची सोय आम्ही करतो, पटलं तर घ्या. थोरल्याने जाणं भाग होतं, कारण मशीन तोच चालवणार. धाकट्यानेही जाणं भाग होतं, कारण थोरला काहीतरी भलतंच गळ्यात बांधून घेईल याची त्याला खात्री होती. शिवाय तिथला फ्रेमांचा बाजार म्हणे एका अख्ख्या गावाएवढा होता, तो त्याला बघायचा होता.

कंपनीशी बोलायचं कुणी, हा प्रश्नच आला नाही. धाकटा बोलला असता तर थोरल्याने मानलं नसतं, आणि थोरल्याकडे बटणांचा फोन. ताईने मोबाइलवर ते भाषा बदलून देणारं ॲप घेतलं आणि कंपनीच्या बाईशी लिहायला लागली. ताई इकडून लिहायची, ॲप त्याचं चिनी करायचं. बाई तिकडून लिहायची, त्याचं मराठी व्हायचं. पहिल्याच दिवशी ॲपने ताईला 'आदरणीय काचकुटुंब' करून टाकलं. धाकटी भावजय ते वाचून पोट धरून हसली. ताई हसली नाही. गेल्या कित्येक वर्षांत कुणी तिला आदरणीय म्हटलं नव्हतं.

बेत करताना ताईच्या नाकीनऊ आले. थोरल्याने सांगितलं, बाहेरच्याच्या शेजारची सीट नको. धाकट्याने सांगितलं, आतल्याच्या मजल्यावर खोली नको. व्हिसाच्या फोटोसाठी एक सकाळी गेला, दुसरा संध्याकाळी. फोटोवाल्याने विचारलं, दोघं एकाच घरातले दिसता, एकत्र का नाही आलात? त्याला दोघांनीही वेगवेगळ्या वेळी सारखंच उत्तर दिलं, स्वतःचं काम बघा म्हणून. तिथे आपले नकाशे फोनवर चालत नाहीत, तिथलेच घ्यावे लागतात. नोटा फारशा कुणी घेत नाही, चहावालासुद्धा फोन पुढे करतो, तेव्हा कार्ड जोडून ठेवा. हे सगळं ताईने शोधून काढलं. मग थोरल्याचे पैसे कोण देणार? धाकट्याच्या फोनवरून देऊ, म्हटल्यावर थोरला म्हणाला, "बाहेरच्याला सांग, मी चार दिवस उपाशी राहीन." ताईने पुढे सांगितलं, त्याला स्वतःचा नवा फोन घ्यायचाय. असा तो नवा फोन आला.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की ताई त्या शहराच्या मेट्रोचा नकाशा उघडून बसायची. रंगीबेरंगी रेघांचा तो गुंता बघून धाकट्याला घेरी यायची. ताईला हळूहळू ते शहर पाठ व्हायला लागलं. विमानतळावरून कुठली रेघ, कुठे उतरायचं, कुठल्या दारातून वर आलं की हॉटेल डाव्या हाताला. शहराच्या मधून एक रुंद नदी जात होती आणि मेट्रो तिच्या खालून जायची. स्क्रू आवळता आवळता ती मनातल्या मनात त्या नदीखालून जाऊन यायची. हे तिने कुणाला सांगितलं नाही, कारण कुणी विचारलंही नाही.

तिच्या डोक्यात ते कधी आलं, हे तिलाही सांगता आलं नसतं. पण एका दुपारी तिने हिशोब मांडला. मशीनसमोर दोघं उभे राहणार. थोरला म्हणणार, याला सांग, पातं जाड आहे. कुणाला सांग? तिथे ताई कुठे होती? दोघं मुके परदेशात जाऊन करणार काय? म्हणजे आपल्याला जावंच लागेल, असं तिने स्वतःला सांगितलं, आणि उठून तांब्याभर पाणी प्यायली. कामासाठी जावं लागेल, असंच ती म्हणत राहिली. जायचंय, हा शब्द वापरायची तिला सवय नव्हती. पासपोर्ट तिच्याकडे होता. कधीतरी बायकांच्या एका सहलीसाठी काढलेला, सहल रद्द झाल्यामुळे कोराच राहिलेला. व्हिसासाठी भावांचे कागद दिले त्यात तिने आपलेही सरकवले. कुणाला विचारलं नाही. तिन्ही व्हिसे आले.

त्याच आठवड्यात कंपनीच्या बाईने सहज विचारलं, तुम्हीही येणार का, आणि आलात तर तुम्हाला काय बघायला आवडेल? ताई बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिली. थोरल्याने आतून दोनदा ट्रे आपटला तरी तिचं लक्ष गेलं नाही. मग तिने लिहिलं, नदीकाठी चालायला आवडेल, घाई न करता. बाईने लगेच लिहिलं, मी नेईन, तिकडची हवा चांगली असते.

दुसऱ्या दिवशी ताईने खिडकीत उभं राहून, दोघांना ऐकू जाईल असं सांगितलं की तीही येतेय. एरवी तिचा आवाज खणखणीत, पण त्या दिवशी जरा चिरकला. आत मशीन थांबलं. बाहेर धाकट्याने हातातली फ्रेम खाली ठेवली. दोघांपैकी एकानेही तिच्याकडे बघितलं नाही. धाकटा काउंटरवर बोटं वाजवत म्हणाला, "आतल्याला सांग, ताईला न्यायचं म्हणजे दुकान चार दिवस बंद. नसता सोस आहे." आतून थोरल्याचा आवाज आला, "बाहेरच्याला सांग, ताईचं तिथे काय काम? तिला मशीनमधलं काय कळतं?"

ताई मध्ये उभी होती. ताईला न्यायचं नाही, हा निरोप ताईनेच न्यायचा होता, इकडून तिकडे आणि तिकडून इकडे. आणि तो गोड करून न्यायचा होता, नेहमीसारखा. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयुष्यात पहिल्यांदा तिने ठरवलं की आता पत्र फोडायचं नाही. जसं आलं तसं द्यायचं.

ती खिडकीकडे वळली आणि धाकट्याच्याच सुरात, त्याच्यासारखी बोटं वाजवत म्हणाली, "तो म्हणतो, नसता सोस आहे." थोरला चमकला. असा आवाज त्या खिडकीतून कधी आला नव्हता. त्याने रागाने विचारलं, सोस कुणाला म्हणतो तो, स्वतः बाजार बघायला चाललाय म्हणावं, दिवटा. ताईने मान वळवून 'दिवटा' जसाच्या तसा काउंटरवर ठेवला. धाकट्याचा चेहरा पडला, मग तापला. तो म्हणाला, त्या धुळीतल्या उंदराला सांग. ताईने उंदराला सांगितलं. आतून आलं, बापाचं चाक विकून खाणाऱ्याने मला उंदीर म्हणावं? ताईने तेही दिलं, एक अक्षर न गाळता. समोरच्या खुर्चीत डोळ्यांवर तपासणीची जड फ्रेम चढवून बसलेल्या एका गृहस्थांना काय चाललंय ते कळेना. ते एकदा हिच्याकडे आणि एकदा त्याच्याकडे बघत होते, आणि नंबर चुकीचा असल्यामुळे त्यांना दोघांचे चार जण दिसत असावेत.

धाकट्याने काउंटरची फळी उचलली आणि पार्टिशनचं दार लाथेने उघडलं. चाक गेल्यापासून त्या दारातून तो आत गेला नव्हता. आणि मग जे सुरू झालं ते गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं. चाक निघालं, वडिलांचं आजारपण निघालं, दवाखान्यात रात्री कोण बसलं आणि कोण घोरत पडलं ते निघालं, लग्नातले मानपान निघाले. "मला विचारलं का नाहीस?" असं थोरला ओरडला, आणि "तू कधी विचारण्यासारखा होतास?" असं धाकटा ओरडला. दोन्ही भावजया धावत जिना उतरल्या आणि अर्ध्यावर थांबल्या. अडवायला कुणी गेलं नाही. इतक्या वर्षांनी दोघं एकमेकांशी बोलत होते, मग ते शिव्या देत का असेनात.

भांडण दमलं तसा आवाज खाली आला. ताई खिडकीजवळच उभी होती, तिला सगळं ऐकू येत होतं. कुणीतरी पाणी मागितलं, कुणीतरी दिलं. थोरला म्हणाला, भांडत का असेना, आलास ना आत. धाकटा नाक ओढत काहीतरी पुटपुटला. मग धाकटा म्हणाला, "ताईचं काय करायचं? आपण दोघं बोलतोय म्हटल्यावर ती कशाला हवी तिथे?" आणि थोरला म्हणाला, "मी तेच म्हणतोय मघापासून."

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं, आणि ती गोष्ट ही होती.

गल्लीला आनंद झाला. शेजारी येऊन ताईचं अभिनंदन करून गेले. तुझी पुण्याई, तूच सांभाळलंस, असं म्हणणाऱ्यांना तिने दारातूनच वाटेला लावलं. खरं काय झालं होतं ते तिला एकटीला कळलं होतं, आणि ते गिळणं सोपं नव्हतं. तिने गोड करून पोचवलेला प्रत्येक निरोप म्हणजे त्या पार्टिशनला मारलेला एक एक खिळा होता. पहिल्याच दिवशी शिवी शिवीसारखी पोचवली असती तर पहिल्याच दिवशी हे दार फुटलं असतं. घर सांधायला गेलेली बाई घराच्या मध्ये भिंत होऊन बसली होती. पण मग तिला कुणी तिथे बसवलं, आणि बसवून कुणाचं बरं चाललं होतं, हेही तिला तितकंच स्वच्छ दिसलं. स्वतःला जेवढे बोल लावायचे तेवढे लावून झाल्यावर उरलेला राग तिने भावांसाठी राखून ठेवला.

पुढच्या दिवसांत दुकानात नुसता चिवचिवाट. दार उघडंच राहायला लागलं. धाकटा ट्रे घेऊन स्वतःच आत जायचा, दोघं मशीनच्या गप्पा मारायचे, मध्येच हसायचे. विमानात शेजारच्या सीट घ्यायच्या ठरल्या, हॉटेलात एकच खोली. थोरल्याने खिडकी बंद करून टाकली, धूळ बाहेर येते म्हणून. ताई स्टुलावर बसून स्क्रू आवळत राहिली. सकाळी दुकान उघडलं तेव्हापासून संध्याकाळी कुलूप लागेपर्यंत तिच्याशी कुणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्याही दिवशी नाही. मुद्दाम नव्हतं ते. मुद्दाम असतं तर तिने भांडण काढलं असतं. त्यांच्याकडे तिच्याशी बोलण्यासारखं काही नव्हतंच. गरज सरो, वैद्य मरो, ही म्हण तिने लोकांना शंभरदा ऐकवली होती. ती कशी लागते ते आता कळलं.

तिने कुरकुर केली नाही, हातपाय गाळले नाहीत. हातातल्या दोन पाटल्या एका दुपारी उतरल्या, तिकीट आलं. कंपनीच्या बाईला तिने लिहिलं की भाऊ ठरल्या दिवशी मशीन बघायला येतील, पण त्याच्या आधी मी येते, तुमच्या कंपनीची पाहुणी म्हणून नाही, माझी मी. बाईने दोन ओळींत उत्तर दिलं. तुमच्यासाठी छोटी खोली बघते, आणि थंडी आहे, पायमोजे जाड आणा. ताईने जाड पायमोजे आणले.

इकडे भावांचं जाणं जवळ आलं तसं एकेक उघडं पडायला लागलं. विमानतळावर घ्यायला कोण येणार? कुठल्या रेघेने जायचं? फोनवर पैसे द्यायचं ते नेमकं कसं? जेवणाचं काय? बोलण्याच्या आनंदात दोघांनी एक गोष्ट विचारलीच नव्हती, की माहिती कुणाकडे आहे. एका सकाळी दोघं पार्टिशनच्या दारात उभे राहिले. ताई आज स्टुलावर बसली नव्हती. तिच्या पायाशी एक बॅग होती, पण त्यांनी बॅगेकडे बघितलंही नाही.

धाकटा थोरल्याला म्हणाला, ताईला विचार ना मेट्रोचं. थोरला म्हणाला, तूच विचार, तुला समजतं. धाकटा म्हणाला, अरे, तू मोठा आहेस. दोघं एकमेकांकडे बघत होते आणि ताई त्या दोघांकडे.

"मी निघाले," ती म्हणाली. "चीनला. आज."

आता दोघांनी बॅग बघितली. थोरल्याचं तोंड उघडंच राहिलं. धाकट्याने आधी हसायचा प्रयत्न केला, मग विचारलं की चेष्टा करतेस का, मग पैसे कुठून आणलेस असं विचारायला गेला आणि तिच्या मोकळ्या मनगटांकडे बघून गप्प झाला. ताईने कंपनीच्या बाईचा नंबर एका चिठ्ठीवर लिहून काउंटरवर ठेवला आणि बॅग उचलली. हिला विचारा, ती विचारलेल्याचं उत्तर देते, म्हणाली. थोरल्याचा अभिमान दुखावला. एवढी वर्षं आम्ही तुला सांभाळलं आणि ऐन वेळी तू आम्हाला उघड्यावर टाकून चाललीस, असं तो बोलला. मग मात्र ताईने बॅग खाली ठेवली.

"सांभाळलंत ना? मग मला एवढंच सांगा," ती म्हणाली, आवाज न चढवता. "वडील गेल्यापासून तुम्ही दोघं माझ्याशी एक तरी वाक्य बोललात का? जे माझ्यासाठी होतं, असं एक. मला दिवसभर ऐकायला यायचं, पण त्यातलं एकही माझं नव्हतं. सगळं याचं त्याला आणि त्याचं याला. धाकट्या, मी दुखण्याने पडले तेव्हा तू दारात येऊन काय म्हणालास आठवतं? आतल्याला सांग, ताईला बरं नाही. माझ्या तोंडावर उभं राहून मलाच सांगायला सांगितलंस."

रस्त्यावरून गाड्या जात होत्या, समोरच्या कंपनीच्या दुकानाचे काचेचे दरवाजे उघडत होते आणि मिटत होते. वर जिन्यात दोन्ही भावजया उभ्या होत्या. ताई थांबली. खरंच थांबली. टॅक्सी बाहेर उभी असूनही तिने दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघितलं. एखादा शब्द आला असता, कसाही, अगदी शिवीसुद्धा, तर कदाचित ती बसली असती. ते तिला ठाऊक होतं, म्हणूनच तिला भीती वाटत होती.

धाकट्याचे डोळे भरून आले होते. त्याने ओठ चावला, खाली बघितलं आणि थोरल्याची बाही ओढली.

"दादा," तो म्हणाला, "तिला सांग ना, जाऊ नको म्हणून."

ताई त्याच्यापासून हातभर अंतरावर उभी होती. थोरल्याने सांगायला तोंड उघडलं, पण तोवर तिने बॅग उचलली होती आणि ती टॅक्सीचं दार लावून घेत होती.